तिसऱ्या ओळीतला श्वास

सातव्या मुलानंही त्याच जागी श्वास घेतला, तेव्हा माझ्या मुठीतल्या पियानो जुळवायच्या किल्लीचा तळव्यावर वळ उठला.

आमच्या गावच्या संगीतशाळेत त्या दिवशी बासरीची स्पर्धा होती. बाहेर उणे चोवीस. मी शेवटच्या रांगेत, गरम पाण्याच्या नळीला पाठ टेकून बसले होते. स्पर्धेच्या पत्रिकेत माझं नाव दोनदा छापलं होतं. एकदा आत, 'अनिवार्य रचना' याच्यापुढे, आणि एकदा मागच्या पानावर, 'पियानो जुळवणी व देखभाल' याच्यापुढे. गावात मला ओळखतात ते मागच्या पानामुळे. तीस वर्षं मी लोकांचे पियानो सुरात लावतेय. संगीत लिहायला मला कुणी शिकवलं नाही. वाचनालयातली पुस्तकं आणि लोकांच्या घरचे बेसूर पियानो, एवढ्यावर जे जमलं ते जमलं.

अनिवार्य रचना म्हणजे बाराही मुलांनी वाजवायचीच अशी. ती एकट्या बासरीची, जेमतेम चार मिनिटांची, एका पानावरची होती. पाच ओळी. ताल नाही, लय किती ते नाही, रकाने पाडणाऱ्या उभ्या रेघा नाहीत. वर ठळक अक्षरांत मी एवढंच लिहिलं होतं: 'पहिली ओळ आधी, पाचवी शेवटी. मधल्या तीन हव्या त्या क्रमानं. दोन ओळींच्या मध्ये हवं तितकं थांबा. श्वास हवा तिथे घ्या.'

आणि आता सात मुलं वाजवून गेली होती. सातही जणांनी दुसरी, तिसरी, चौथी अशी शाळेच्या प्रार्थनेसारखी ओळीनं वाजवली. सातही जण मध्ये सारखंच थांबले. आणि सातही जणांनी तिसऱ्या ओळीच्या ऐन मध्यावर, वरचा सूर लागणार त्याच्या एक पाऊल आधी, डोळे मिटून, छाती फुगवून, शेवटच्या रांगेत ऐकू येईल असा श्वास घेतला. एकाच नळाखाली सात बादल्या भराव्यात तसं चाललं होतं.

त्या ओळी कुठून आल्या ते सांगते. माझे वडील हिवाळ्यात खाडीच्या बर्फाखाली जाळी लावत. पाच ठिकाणी पहारेनं भोकं पाडलेली असत. पहिलं किनाऱ्याजवळचं, शेवटचं परतीच्या वाटेवर धक्क्यापाशी. मधली तीन ते वारा बघून, मनाला येईल त्या क्रमानं गाठत. एखाद्या भोकापाशी दोन मिनिटं उभे राहत, एखाद्यापाशी वीस. मी घसरगाडीवर माशांची पेटी सांभाळत बसलेली असे. इतका वेळ का, असं मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर म्हणाले असते, "उभा होतो."

स्पर्धेवाल्यांनी रचना मागितली तेव्हा मला ते उभं राहणं लिहायचं होतं. आणि लिहायला बसले की ते मरायचं. 'चार मात्रा थांबा' असं लिहिलं की ते वडील राहत नव्हते, चौकातला वाहतूक पोलीस होत होता. जूनभर मी एकेक खूण लिहिली आणि जुलैभर खोडली. ऑगस्टमध्ये पानावर सूर तेवढे उरले. ते घेऊन मी इर्मेलीकडे गेले.

इर्मेली याच शाळेत बासरी शिकवायची. मी लिहिलेलं सगळं पहिल्यांदा तिनंच वाजवलेलं, बहुतेक वेळा माझ्याच स्वयंपाकघरात आणि बहुतेक वेळा शिव्या देत.

"हे काय, अर्धं लिहून आणलंस?" ती पान उलटंसुलटं करत म्हणाली. "कुठे थांबायचं ते लिही की."

"ते तू ठरवायचं."

"मी ठरवायचं, तर तू कशाला?"

"मी सूर दिलेत."

"सूर बासरीत असतातच, हेलेवी. तुझं हे स्वातंत्र्य म्हणजे निव्वळ आळस आहे." असं म्हणून तिनं वाजवलं. पहिल्या ओळीनंतर ती इतका वेळ थांबली की चुलीवरची कॉफी उतू गेली आणि आम्ही दोघीही उठलो नाही.

तिसरी ओळ मी मुद्दाम लांब लिहिली होती, तिच्यासाठी. इर्मेलीच्या श्वासाच्या गोष्टी गावात अजून सांगतात. एकदा उन्हाळ्याच्या सणाला तिनं एक सूर धरला, आणि तो सुटेपर्यंत धक्क्यावरच्या एका माणसानं कपडे काढून, पाण्यात बुडी मारून, वर येऊन टाळी वाजवली होती. त्या ओळीत मध्ये कुठे टेकायला जागाच नव्हती. सरळ वर चढत जायचं आणि माथ्यावरचा सूर लावायचा.

त्या ऑगस्टमध्ये तिला ती ओळ पुरी झाली नाही. फुफ्फुसांनी वसंतातच दगा दिला होता. ते मला माहीत होतं, पण माहीत असूनही मी ती ओळ लिहिली होती. तिनं तीनदा वाजवली, तिन्ही वेळा माथ्याच्या आधी तुटली. मग तिनं अंबाड्यातली पेन्सिल काढली आणि जिथे तुटत होतं तिथे, ओळीच्या वर, एक स्वल्पविराम काढला. बासरीवाले श्वासाची खूण म्हणून तसा काढतात. पानभर आणखी सहा काढले.

"हे माझे आहेत, तुझे नाहीत," ती म्हणाली. "मी गेले की पुसून टाक."

"गेलीस की म्हणजे? कुठे?"

"दुकानात," इर्मेली म्हणाली.

ऑक्टोबरात ती गेली.

तर त्या दिवशी सभागृहात मला राग कशाचा येत होता ते मलाच धड कळत नव्हतं. तो स्वल्पविराम माझ्या घरच्या पानावर होता, पेन्सिलीचा. स्पर्धेवाल्यांना मी बिनखुणांची नक्कल पाठवल्याचं मला आठवत होतं. या मुलांना तो कुठून मिळाला?

आठवी मुलगी आली. साइमी नाव, वय सतरा, उत्तरेकडच्या कुठल्याशा वस्तीवरून आलेली, पायांत बुटांऐवजी घरी विणलेले लोकरी मोजे. तिनं पहिली ओळ वाजवली आणि बासरी खाली घेऊन उभी राहिली. उभीच राहिली. कुणीतरी खोकलं. परीक्षकांच्या टेबलावर कुणीतरी घड्याळ पाहिलं. तिनं नाही पाहिलं. मग चौथी ओळ वाजवली, मग दुसरी. मग पुन्हा थांबली, या खेपेला अगदी थोडं, आणि तिसरी ओळ धरली ती सरळ वर नेली, एका श्वासात, माथ्यावरच्या सुरापर्यंत. तो सूर मी लिहिल्यापासून पहिल्यांदाच तसा ऐकला. तोवर तो फक्त माझ्या डोक्यात होता.

उरलेल्या चौघांनी पुन्हा बादल्या भरल्या.

साडेअकराला दारावर यादी लागली. अंतिम फेरीत पाच जण. साइमी सहावी.

ती बाकावर बसून राईच्या पावावर लोणी लावत होती. मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"तिसऱ्या ओळीत श्वासाची खूण होती?"

"होती ना," ती म्हणाली आणि पाकिटातून पान काढून दाखवलं. सातही स्वल्पविराम छापलेले, काळेभोर, माझ्या सुरांच्या शाईत.

"मग तू घेतला नाहीस तो?"

"मला वाटलं कुणीतरी दमलंय. मी दमले नव्हते." तिनं घास गिळला. "आणि वर लिहिलंय की हवा तिथे घ्या. दोन्ही कसं खरं असेल? मी मोठ्या अक्षरातलं खरं धरलं. तू कोण? पियानोवाली ना?"

"हो," मी म्हटलं.

कार्यालयात स्पर्धेची चिटणीस तैना फोनवर कुणाला तरी गाडी कुठे लावायची ते सांगत होती. मी फाईल मागितली. तिनं फोन न ठेवताच ती पुढे सरकवली. आत माझं मूळ पान होतं, इर्मेलीच्या पेन्सिलीसकट. दोन पानांपैकी कोरं माझ्या घरी राहिलं होतं, हे मी पाठवलं होतं. त्याच्या मागे छपाईपूर्वीचं प्रूफ, स्वल्पविराम शाईत. खाली 'तपासलं, बरोबर आहे,' आणि माझी सही. तारीख इर्मेलीच्या अंत्यविधीनंतरच्या सोमवारची. त्या आठवड्यात मी वीजबिलावर, पार्सलावर, चर्चच्या वहीत, पुढ्यात येईल त्यावर सही करत होते. बघत कशाकडेच नव्हते.

रागाला आता जायला जागाच उरली नाही. म्हणजे होती, पण ती माझ्याच अंगणात. आणि माणूस अशा वेळी शेजारचं अंगण शोधतो.

परीक्षकांच्या खोलीत वेलदोड्याच्या पावाचा वास सुटला होता. मुख्य परीक्षक कौको, हेलसिंकीहून आलेला बासरीचा प्राध्यापक, मला बघून उठलाच. "हेलेवी! ये गं, ये. कॉफी घे."

"नको."

आमच्याकडे कॉफी नाही म्हणणं म्हणजे कुणीतरी गेलंय, नाहीतर आता कुणीतरी जाणार आहे.

"साइमी सहावी कशी?"

"गुणी पोरगी आहे," कौको म्हणाला. "पण कागदाकडे बघत नाही. 'लिहिलेल्या खुणांचं पालन' असा आमचा रकाना आहे, दहा गुणांचा. तिला दोन मिळाले. तू स्वतः दिलेली खूण तिनं ओलांडली गं! मी काल खुल्या वर्गात दीड तास याच एका श्वासावर बोललो. शिखराच्या आधी आलेला. मी मुलांना म्हटलं, हा साधा श्वास नाही, हा रचनाकाराचा हुंदका आहे."

"कुणाचा?"

"तुझा."

"मी हुंदके देत नाही, कौको. मला सर्दी होते."

बाजूच्या परीक्षकबाईंनी कॉफीच्या कपात तोंड लपवलं. मी मूळ पान त्याच्यापुढे, पावाच्या चुऱ्यावर, आपटलं.

"ही पेन्सिल कुणाची आहे, बघ."

त्यानं चष्मा कपाळावर सरकवला आणि पान डोळ्यांशी नेलं. त्याला वेळ लागला नाही. शिकत असताना तो आणि इर्मेली तीन वर्षं सुरांचं पान ठेवायच्या एकाच स्टँडसमोर बसून वाजवायचे. तिचे स्वल्पविराम शेपटी जरा जास्तच वळवून काढलेले असत, मांजर रागावल्यासारखे.

"इर्मेली," तो म्हणाला.

"तिला श्वास पुरत नव्हता. शिखर नाही, हुंदका नाही, काही नाही. फुफ्फुसं गेली होती, म्हणून ती तिथे थांबली. तू अकरा धडधाकट पोरांना एका आजारी बाईची धाप शिकवलीस, आणि एकीनं ती लावून घेतली नाही म्हणून तिचे आठ गुण कापलेस."

"मग तू सही का केलीस?" त्यानं विचारलं.

बरोबर विचारलं. म्हणूनच मी जास्त भडकले.

"चुकले म्हणून! मी चुकले, हे लिहून देते, पाहिजे तर दारावर लाव. पण तुम्ही चौघं चार खुर्च्या टाकून बसलात, वर ठळक अक्षरांत 'श्वास हवा तिथे घ्या' लिहिलंय, ते एकालाही दिसलं नाही? त्याचा रकाना नव्हता म्हणून?"

"हेलेवी, नियम असा आहे की छापलेली, सही झालेली प्रत हीच प्रमाण धरायची. निकाल लागलाय. फार तर अंतिम फेरीआधी मी तुझा खुलासा वाचून दाखवतो."

"आणि साइमी?"

"तिला पुढच्या वर्षी संधी आहे."

"बरं," मी म्हटलं. "मग दोनच्या अंतिम फेरीआधी पियानो तुम्हीच लावा."

कौको हसला. तैना हसली नाही. ती दारात उभी होती आणि तिला माहीत होतं. अंतिम फेरीत प्रत्येकाला अनिवार्य रचना पुन्हा वाजवायची होती आणि शिवाय पियानोबरोबर आणखी एक, आणि या कोरड्या थंडीत, हीटर भरधाव चालू असताना, सकाळी लावलेला पियानो दुपारपर्यंत उतरतो. अकराच्या सुमारासच मधल्या सप्तकातले सूर माशीसारखे घोंगावायला लागले होते.

"पियानो लावणारा जवळचा दुसरा माणूस औलूला आहे," तैना हळूच म्हणाली.

"त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय परवा," मी म्हटलं. "मी फुलं पाठवलीत."

"हे तर वेठीला धरणं झालं," कौको म्हणाला.

"हो."

त्यानं ते पान पुन्हा जवळ ओढलं. एकदा त्यानं बोट उचललं, तिसऱ्या ओळीवरच्या खुणेपाशी नेलं, पण टेकवलं नाही. "तिनं मला कळवलंसुद्धा नाही, आजारी आहे म्हणून," तो म्हणाला. मला ते तेव्हा ऐकायचं नव्हतं. ज्याच्यावर ओरडायचं त्याला असं एकदम वाईट वाटायला लागलं की फार पंचाईत होते.

"रकाना खोडा," मी म्हटलं. "बाराही जणांचा."

त्यांनी खोडला. रकाना खोडल्यावर साइमी तिसरी आली, आणि कौकोचा स्वतःचा विद्यार्थी सहाव्या जागी गेला. मग अंतिम फेरीत सहा जण घेता येतात हे नियमात आहे, असं कौकोला आठवलं.

मी पियानो लावला. रागात माझा हात नेमका बसतो. इर्मेली म्हणायची, गावात चांगलं संगीत व्हायला हवं असेल तर हेलेवीला सकाळीच कुणीतरी चिडवून ठेवा.

दोनला पाच मिनिटं कमी असताना मी सहाही मुलांना पडद्यामागे उभं केलं. "छापलेले स्वल्पविराम माझे नाहीत. ते चुकून आलेत, माझ्या चुकीनं. नाहीतच असं समजा."

कौकोचा विद्यार्थी, उंच, टाय लावलेला, पांढराफटक पडला. "मग मी श्वास कुठे घेऊ?"

"लागेल तिथे."

"मला कुठे लागतो ते मला माहीत नाही."

त्याच्यावर चिडता येईना. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. हात पियानोच्या तारांनी काळा झालेला होता, त्याच्या पांढऱ्या शर्टावर ठसा उमटला. बिचारा तोच घेऊन वाजवायला गेला, आणि दोनदा त्याला धाप लागली, आणि एकदा चुकून फार सुंदर थांबला.

साइमी शेवटी होती. मी यावेळी पहिल्या रांगेत बसले. खरं सांगते, मी हक्कानं बसले. सकाळभर भांडले होते ते त्या एका ओळीसाठी. ती सलग, न तुटता, वरपर्यंत पुन्हा एकदा ऐकायची होती मला. त्यानंतर काय वाट्टेल ते होवो.

तिनं पहिल्या ओळीनंतर सरळ तिसरीच धरली. चढत गेली. मी हाताची घडी घातली. आणि ऐन मध्यावर, माथ्याच्या एक पाऊल आधी, तिनं श्वास घेतला.

छाती फुगवली नाही, डोळे मिटले नाहीत. पाण्यातून तोंड वर काढून घाईनं घ्यावा तसा घेतला, ओरबाडून. पुढचा सूर बारीक आला, कडेला जरा फाटलेला. ऑगस्टात माझ्या स्वयंपाकघरात आला होता, तस्सा.

उरलेल्या ओळी मला ऐकूच आल्या नाहीत. मी दात आवळून बसले होते. टाळ्या झाल्या, ती तिसरी आली, तिला काचेचा एक कुरूप पक्षी मिळाला. मी तिला कपडे ठेवायच्या खोलीत गाठलं. ती कोटाची बाही शोधत होती.

"श्वास का घेतलास?"

"लागला."

"सकाळी नव्हता लागला!"

"सकाळी दमले नव्हते. आता दमले होते." तिला बाही सापडली. "तीन तास बाहेर बाकावर बसले होते ना, तू आत ओरडत होतीस ते ऐकत. भिंती पातळ आहेत इथल्या." मग तिनं माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. "चुकलं का?"

माझ्या तोंडात पन्नास उत्तरं आली. मीच लिहिलं होतं, ठळक अक्षरांत. त्या अक्षरांसाठी सकाळी चार माणसांशी भांडले होते, आणि दुपारी तेच वाक्य मला नको झालं होतं. किती वेळ तशी उभी होते कोण जाणे. ती थांबली. थांबता येतं त्या पोरीला.

"नाही चुकलं," मी म्हटलं.

"मग चिडलीयस कुणावर?"

"इर्मेलीवर."

"ती कोण?"

कौकोनं पान परत दिलं होतं. ते माझ्या कोटाच्या आतल्या खिशात होतं, आणि त्याच्यासोबत रबरही होतं. ते मी दुपारीच तैनाच्या टेबलावरून उचललं होतं. आता तरी सांगितल्याप्रमाणे पुसावं म्हणून. मी पान उलगडून तिच्यापुढे धरलं.

साइमीनं बोटं आधी कोटाला पुसली, लोणी लागलं असेल म्हणून. मग वाकून तिसऱ्या ओळीवरचा तो मांजरासारखा स्वल्पविराम पाहिला.

"ही होय ती," ती म्हणाली, आणि त्या खुणेला हातभर अंतरावरूनच, ओळख करून दिल्यावर करतात तशी, मान डोलावली.

तैना दारातून डोकावली. "हेलेवी, आता तरी कॉफी घेणार आहेस का? थर्मासमध्ये शेवटचे दोन कप आहेत."

"घेते," मी म्हटलं. "आणि तुझं रबर घेऊन जा. माझ्याकडे चुकून आलंय."